आधी एक गल्ली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी आनंद झाला, मग काळजी वाटली. अख्ख्या भागाच्या सुधारणेसाठी एकच समिती, ११ जणांची कार्यकारिणी, उद्घाटनाला पाहुणे, सगळं ठरलंय. पण पहिली कुदळ कुठे मारायची, ते पत्रात कुठेच सापडलं नाही. तुझी तळमळ मला ठाऊक आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो.

आमचंही सुरुवातीला असंच झालं. दोन वर्षं बैठका झाल्या, ठराव झाले, अर्जांच्या पोचपावत्यांची फाइल फुगली. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटमधला राडारोडा मात्र होता तिथेच. काम हललं ते एका फुटक्या चेंबरमुळे. संध्याकाळी क्लासहून येणाऱ्या एका मुलीचा पाय त्यात गेला, चांगलीच लागली तिला. दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतल्या २६ घरांनी वर्गणी काढली आणि नवं झाकण ओतायचं ठरवलं. गवंडी गल्लीतलाच. झाकण ओतून, त्यावर गोणपाट पसरून तो म्हणाला, "सात दिवस पाणी मारत राहा, नाहीतर पहिल्याच गाडीखाली तडकेल." मग पाळ्या लागल्या. सकाळी एका घराची बादली, संध्याकाळी दुसऱ्याची. ज्या दोन घरांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, त्यातली एक बाई दुसरीचं दार वाजवून विचारत होती, "आज तुमची पाळी ना?" मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आमची वस्ती त्या आठवड्यात बदलली असं मी आजही मानतो. प्लॉटवरची झाडं आणि रस्त्यावरचे दिवे पुढे वर्षभरात आले.

नंतर मी याबद्दल वाचत गेलो, तेव्हा कळलं की ही वाट आधीच कुणीतरी मळलेली आहे. पाकिस्तानात, कराचीतल्या ओरंगी वस्तीत अख्तर हमीद खान या समाजकार्यकर्त्याने १९८० मध्ये एक प्रकल्प सुरू केला. लोकांची मोठी अडचण सांडपाण्याची होती. त्यांनी संघटनेसाठी अख्खी वस्ती न धरता एक गल्ली धरली, साधारण २० ते ३० घरांची. एवढ्या घरांत सगळे एकमेकांना ओळखतात, पैसे कुणी दिले आणि कुणी नाही हे लपत नाही. गल्लीने आपल्यातलाच एक प्रमुख निवडायचा, वर्गणी त्याने गोळा करायची. प्रकल्पाची माणसं नकाशे, अंदाजपत्रक आणि अवजारं द्यायची. लोकांच्या पैशाला मात्र हात लावायची नाहीत. घरातला संडास आणि गल्लीतली गटार लोकांनी बांधायची, पुढचा मोठा नाला आणि सांडपाण्याची प्रक्रिया सरकारने सांभाळायची. ही वाटणी मला फार मोलाची वाटते. पालिकेची कामं आपल्या डोक्यावर घेऊ नका, आणि आपली कामं तिच्या दारात नेऊन टाकू नका. हद्द कागदावर आखा.

आता दुसरी गोष्ट. ही मला उशिरा उमगली, म्हणून तुला आधीच सांगतो. जागा सुधारली की तिची किंमत वाढते. आमचा प्लॉट साफ झाला, तिथे मुलं खेळायला लागली, आणि भाडी चढली. ज्या गवंड्याने झाकण ओतलं, त्यालाच दीड वर्षात खोली सोडावी लागली. त्याचं सामान टेम्पोत चढवताना मी हात लावत होतो, पण मान वर करवत नव्हती. ती रुखरुख अजून गेलेली नाही.

अमेरिकेत, बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातल्या डडली स्ट्रीटच्या रहिवाशांनी याचा विचार वेळेवर केला. आगी आणि दुर्लक्ष यांमुळे तिथले कितीतरी प्लॉट ओस पडले होते, बाहेरचे लोक येऊन कचरा ओतून जायचे. १९८४ मध्ये संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या संचालक मंडळावर रहिवाशांपेक्षा तिथे काम करणाऱ्या संस्थांचेच लोक जास्त राहणार होते. रहिवासी सभेतच उठले आणि बहुमत आपलं असलं पाहिजे म्हणून अडून बसले. ते त्यांनी मिळवलं. १९८८ मध्ये तर पडीक खाजगी जमीन सक्तीने संपादन करण्याचा अधिकार शहराने त्यांना दिला. त्यांनी जमीन एका विश्वस्त संस्थेच्या नावावर ठेवली. घर माणसाचं, खालची जमीन सगळ्यांची, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर. घर विकताना किंमत वाटेल तेवढी चढवता येत नाही, त्यामुळे बेताच्या कमाईची कुटुंबं तिथे टिकली.

एवढं तुमच्या हातात नसेलही. पण कार्यकारिणीत भाडेकरू किती आहेत, हे तरी बघ. तुझ्या यादीतली नावं मी दोनदा वाचली, सगळे घरमालक आहेत. निम्म्या जागा भाडेकरूंना द्या, आणि ज्याच्या दारासमोर काम चाललंय त्याच्या हातात हिशेबाची वही द्या. दर रविवारी ती वही गल्लीत मोठ्याने वाचा. हे कंटाळवाणं आहे, तरीही वाचा.

उद्घाटन पुढे ढकलता आलं तर बघ. पुढच्या महिन्यात मी येतोय, तोवर तुमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांची यादी काढून ठेव. भाडेकरूंच्या नावांपुढे खूण कर. मग आपण दोघं प्रत्येक दारात जाऊ आणि विचारू की रोज येता-जाता काय खुपतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती