आई-बाबांना, नव्या वर्षाच्या तोंडावर

पुणे,
२७ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर आपले रोज बोलणे होते, पण जेवलीस का, औषध घेतले का, यापलीकडे ते फारसे जात नाही. येत्या वर्षात मी काय करणार आहे हे तुम्हां दोघांना सलग आणि नीट सांगायचे होते, म्हणून हे पत्र. माझी प्रकृती उत्तम आहे. सकाळी वेताळ टेकडीवर फिरून येते, नंतर दुपारपर्यंत लिहिते आणि संध्याकाळी अनुवादाचे काम करते. आई, पैशांची काळजी तू करू नकोस. कादंबरीच्या मानधनावर घर चालत नाही हे मी पहिल्या पुस्तकापासून धरूनच चालले आहे आणि अनुवादाची कामे वर्षभर पुरतील इतकी हाताशी आहेत.

पुढची कादंबरी कोयनेवर लिहायचे आता पक्के झाले आहे. ती ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, भूकंपाच्या क्षणी सुरू होईल आणि तिथून मागे, कोयना धरणासाठी गावे उठवली जात होती त्या काळात जाईल. धरणाची उंची १०३ मीटर, त्याच्या शिवसागर जलाशयाची क्षमता १०५ टीएमसी, साऱ्या टप्प्यांची मिळून वीज १९६० मेगावॅट हे सारे छापील कागदांत सापडते आणि ते मी उतरवून घेतले आहे. मात्र एखाद्या घरातली चूल शेवटची विझवून माणसे निघाली तेव्हा काय बरोबर घ्यायचे आणि काय मागे ठेवायचे यावर कोण काय बोलले, देव कुणी उचलले, गुरांचे काय केले, हे कुठल्याही अहवालात नाही. ते तुझ्याजवळ आहे, आई. तुझे माहेर पाण्याखाली गेले, तुझे थोरले भाऊ सोलापूरकडच्या वसाहतीत गेले आणि तुला मात्र पुन्हा पाटणलाच दिले. लहानपणी मी तुला माहेराविषयी विचारले की तू कामाला लागायचीस, आणि म्हणून मीही पुढे विचारले नाही.

कादंबरीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती मला वर्षानुवर्षे स्वस्थ बसू देत नाही. ज्यांना खोऱ्यातून उठवले, ते कोयनेच्या पावसाची सवय असलेले लोक ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूर अशा परक्या मुलखांत जाऊन पडले. आणि जे खोऱ्यात राहिले, ज्यांना आपण सुटलो असे वाटले असेल, त्यांच्याच दगडमातीच्या भिंती काही वर्षांनी झोपेत अंगावर आल्या. सोलापूरच्या कोरड्या शिवारात राहणाऱ्या एका बहिणीला ही बातमी कळते तेव्हा तिच्या मनात नेमके काय येत असेल? दुःख तर येणारच, पण त्याबरोबर जे दुसरे काही येत असेल, ज्याचा उच्चार ती कधीच करणार नाही, ते मला लिहायचे आहे. दोन बहिणींची ही गोष्ट आहे. ती तुझी गोष्ट म्हणून मी छापणार नाही. नावे, गावे, नाती सगळी वेगळी असतील, आणि तुला खटकेल ते एक वाक्यही पुस्तकात राहणार नाही.

बाबा, तुम्ही विचारले होते की त्या आकाश पाहण्याच्या छंदाचे काय झाले. तो चालू आहे, आणि गंमत म्हणजे आता तो कादंबरीच्याच उपयोगी पडतो आहे. टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत मी अजून जाते. तुम्हाला ठाऊक असेलच, ही हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था, १९४४ सालची. गेल्या महिन्यात संगणकावर मी भूकंपाच्या त्या पहाटेचे कोयनेवरचे आकाश मांडून पाहिले. मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष होता, पण चंद्र मध्यरात्रीनंतर केव्हाच मावळला होता. गुरू सिंह राशीत, मघा नक्षत्राच्या आसपास, जवळजवळ डोक्यावर होता आणि शुक्र पूर्वेला जेमतेम वर आला होता. डोंगराआड असेल तर तोही दिसला नसेल. म्हणजे लोक घराबाहेर धावले ते मिट्ट काळोखात. तुम्ही त्या वेळी बाविशीत होता आणि अंगणात उभे होता. तुम्हाला आकाश आठवते का, की धुळीमुळे काहीच दिसले नाही? पहिल्या प्रकरणाचा सारा उजेड-अंधार तुमच्या उत्तरावर ठरणार आहे, म्हणून अंदाजाने सांगू नका. आठवत नसेल तर तसेच सांगा.

आता वर्षाची आखणी. १ ते ४ जानेवारीला साताऱ्यात शाहू स्टेडियमवर साहित्य संमेलन आहे, त्याला मी येणारच. धरणग्रस्तांच्या जगण्यावर कादंबरी लिहिणारे विश्वास पाटील यंदा अध्यक्ष आहेत आणि त्यांचे भाषण मला समोर बसून ऐकायचे आहे. तिथून थेट घरी येईन. फेब्रुवारी पूर्ण पाटणला काढायचा विचार आहे. कराडला भूकंपाचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खणण्याचे काम तिनेच केले. धरणात पाणी भरले की खडकातल्या भेगांवर काय परिणाम होतो हे तिथल्या तज्ज्ञांकडून समजून घ्यायला परवानगीचा अर्ज केला आहे. मार्चमध्ये मामांच्या वसाहतीत जाईन, आणि मे महिन्यात पाणी उतरले की खोऱ्यात. पावसाळ्यात कुठेही न जाता लिहायला बसायचे. दिवाळी अंकांना यंदा एकच कथा देणार आहे; बाकीच्या संपादकांना तसे आत्ताच कळवले.

आई, मी येईन तेव्हा ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणणार आहे, पण तुला ते समोर नको असेल तर मी नुसती ऐकेन आणि रात्री लिहून काढेन. बोलायचे नसेल त्या दिवशी बोलू नकोस. बाबा, माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचे भूसंपादनाचे कागद आहेत असे तुम्ही एकदा म्हणाला होता. तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका. मी आल्यावर ती ट्रंक उतरवीन.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
माधवी