लांडग्याचे स्वातंत्र्य, मेंढीचे स्वातंत्र्य

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकी स्वातंत्र्याच्या अडीचशे वर्षांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, याची आठवण करून दिलीत, हे छान झाले. पण स्वातंत्र्याचा अर्थ जगाने अमेरिकेकडून घ्यावा, हा लेखाचा सूर खटकला. मुळात तिथेच त्या अर्थावर कधी एकमत नव्हते.

यादवी युद्ध पेटलेले असताना, एप्रिल १८६४ मध्ये, लिंकनने बाल्टिमोरच्या भाषणात हेच सांगितले होते. मेंढपाळाने मेंढीच्या नरडीवरून लांडग्याला हुसकावले की मेंढी दुवा देते, आणि लांडगा ओरडतो, माझ्या स्वातंत्र्यावर घाला! दक्षिणेतले मळेवाले गुलाम बाळगण्याच्या हक्काला स्वातंत्र्यच म्हणत. तेही मनापासून, हे विशेष.

आणि मेंढीचे म्हणणे? १२ जानेवारी १८६५ रोजी दक्षिणेतल्या सव्हाना शहरात लिंकनचे युद्धमंत्री स्टँटन आणि त्याच्या फौजेचा जनरल शेर्मन यांनी २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारले, स्वातंत्र्य म्हणजे तुम्ही काय समजता? उत्तर दिले ६७ वर्षांच्या गॅरिसन फ्रेझियरने. या गृहस्थाने स्वतःची आणि बायकोची गुलामीतून सुटका हजार डॉलर, सोन्या-चांदीत मोजून विकत घेतली होती. तो म्हणाला, आमच्या कष्टाचे फळ आमच्या हाती पडावे; त्यासाठी जमीन द्या, आम्ही कसू. चारच दिवसांत कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम निघाला. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला आणि वर्ष सरायच्या आत नव्या अध्यक्षांनी, अँड्र्यू जॉन्सन यांनी, बहुतेक जमिनी जुन्या मालकांना परत करण्याचे ठरवले. मिसिसिपी राज्याने तर कायदाच केला : मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांजवळ दर जानेवारीत नोकरीचा लेखी पुरावा हवा, नाहीतर भटका म्हणून पकडणार. जोतीरावांची अर्पणपत्रिका छापली गेली तेव्हा या गोष्टीला आठ वर्षे झाली होती.

पुढे १९०५ साली न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांचे काम आठवड्याला ६० तासांवर आणणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. कारण काय, तर त्याने कामगाराचे करार करण्याचे स्वातंत्र्य जाते! दाद मागायला गेला होता बेकरीचा मालक.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा