इंजेक्शनाआधी टीबीची तपासणी कशासाठी?

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे दोन्ही प्रश्न फोनवर उरकण्यासारखे नाहीत, म्हणून सविस्तर लिहीत आहे. प्रतिकारशक्ती दाबणारे इंजेक्शन आईला या वयात द्यावेच कशाला, हा पहिला प्रश्न. आणि दुखणे बोटांच्या व मनगटांच्या सांध्यांचे असताना छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी कशासाठी, हा दुसरा. या दोन्हींचे उत्तर हे इंजेक्शन ज्याला अडवते त्या एकाच प्रथिनापाशी येऊन थांबते. त्याचे नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजेच तुमच्या कागदांवर लिहिलेले टीएनएफ.

त्या नावातला ‘ट्यूमर’ वाचून तुम्ही दचकलात, असे आई म्हणाली. आईच्या आजाराचा गाठीशी काही संबंध नाही. 1975 साली न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांच्या रक्तद्रवात एक घटक सापडला, ज्याने उंदरांमधील काही गाठी मरत होत्या. त्यावरून हे नाव पडले आणि कायम राहिले. पुढे 1985 मध्ये ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी यांनी दाखवले की दीर्घ आजारात अंग झिजवणारा म्हणून ते ज्याचा शोध घेत होते, तो पदार्थ आणि हे प्रथिन एकच आहे. आई, गेल्या वर्षभरात तुझे वजन उतरले, भूक मंदावली, आणि काही न करताही तुला थकवा येतो, तो आळस नव्हे आणि केवळ वयही नव्हे. सांध्यांतून सुटणाऱ्या या प्रथिनाचा आणि त्याच्या सोबत्यांचा त्यात मोठा वाटा आहे.

टीएनएफ स्वतः जंतूंना मारत नाही. त्याचे काम निरोप पोहोचवण्याचे. मॅक्रोफेज नावाच्या पेशींना जंतूची चाहूल लागली की त्या ते तयार करतात, आणि जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर हा निरोप घेणारे रिसेप्टर असतात. निरोप एकच असला तरी प्रत्येक पेशी त्याला आपापल्या परीने उत्तर देते. रक्तवाहिनीचे अस्तर चिकट आणि सैल होते, त्यामुळे वाहत्या रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे थांबून बाहेर पडू शकतात. मेंदू शरीराचे तापमान वाढवतो. आणि या निरोपातून पुढे सुटणाऱ्या इंटरल्यूकिन-6 या दुसऱ्या निरोप्या प्रथिनामुळे यकृत सीआरपी हे सूज दाखवणारे प्रथिन तयार करू लागते, ज्याचा आकडा तुम्ही दर वेळी रिपोर्टमध्ये आधी पाहता. निरोगी शरीरात हा सारा प्रकार अल्पकाळ चालतो. पेशी आपलेच काही रिसेप्टर कापून रक्तात सोडतात आणि ते उरलेले टीएनएफ टिपून घेतात; इतर शामक प्रथिने नव्या उत्पादनाला लगाम घालतात. हा लगाम फार महत्त्वाचा आहे, कारण गंभीर जंतुसंसर्गात टीएनएफ एकदम मोठ्या प्रमाणात रक्तात उतरले तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो.

आईच्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर उलटण्याच्या आजारात, हा लगाम सुटलेला आहे. चोर नसतानाही गस्तवाल्याची शिट्टी रात्रभर वाजत राहावी, तसे तिच्या सांध्यांच्या अस्तरात कोणताही जंतू नसताना टीएनएफ तयार होत राहते. ते इंटरल्यूकिन-1 आणि इंटरल्यूकिन-6 यांनाही जागे करते, अस्तर जाड होते, कूर्चा विरघळवणारी विकरे सुटतात आणि हाड पोखरणाऱ्या पेशींची संख्या वाढते. म्हणून मी वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढण्याच्या विरोधात आहे. त्या गोळ्यांनी ठणका थांबतो, पण हाडाची झीज थांबत नाही, आणि एकदा झिजलेले हाड पुन्हा पूर्ववत होत नाही.

एवढ्या सगळ्या प्रथिनांपैकी केवळ एकाला अडवून काय होणार, हा तुमचा आक्षेप त्या काळी पुष्कळ तज्ज्ञांचाही होता. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी (हे मूळचे लुधियानाचे) यांनी रुग्णांच्या सांध्यांतील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि 1989 मध्ये त्यांना असे दिसले की केवळ टीएनएफ अडवले तरी इंटरल्यूकिन-1 देखील खाली येते. म्हणजे हे प्रथिन साखळीच्या वरच्या टोकाला होते. 1992 मध्ये त्यांनी चॅरिंग क्रॉस रुग्णालयात टीएनएफला जखडणारे प्रतिपिंड प्रथम रुग्णांना दिले, आणि इतर उपचार निष्फळ ठरलेल्या त्या रुग्णांच्या सांध्यांची सूज काही आठवड्यांत उतरली. आईला सुचवलेले अडालिमुमॅब त्याच घराण्यातले आहे. ते दर दोन आठवड्यांनी 40 मिलिग्रॅम त्वचेखाली टोचतात. मूळ औषध फार महाग होते. 2014 मध्ये अहमदाबादच्या झायडसने त्याची जगातील पहिली प्रतिकृती भारतातच बाजारात आणली, म्हणून आज आपण निदान त्याचा विचार तरी करू शकतो. ते सगळ्यांना सारखे लागू पडत नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

आता दुसरा प्रश्न, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. टीबीचा जंतू फुप्फुसात शिरला म्हणजे माणूस आजारी पडतोच असे नाही. बहुतेकांच्या शरीरात मॅक्रोफेज आणि इतर पांढऱ्या पेशी त्या जंतूंभोवती घट्ट वेढा घालून बसतात आणि आतले जंतू न मरता, न वाढता वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. अशा माणसाला खोकला नसतो, ताप नसतो, त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. हा वेढा बांधायला आणि तो टिकवून ठेवायलाही टीएनएफ लागते. ज्या उंदरांमध्ये त्याचा रिसेप्टरच नसतो, ते टीबीच्या संसर्गाने लवकर मरतात, हे 1990 च्या दशकातच दिसले होते. इंजेक्शनाला सांध्यातले टीएनएफ आणि फुप्फुसातले टीएनएफ यांतला फरक कळत नाही. ते दोन्हीकडे सारखेच अडवते, आणि मग वेढा सैल होऊन झोपलेले जंतू बाहेर पडतात.

ही नुसती पुस्तकी भीती नाही. 2001 मध्ये याच गटातील इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या 70 रुग्णांमध्ये टीबी झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी 40 जणांचा टीबी फुप्फुसाबाहेरचा होता, आणि बहुतेकांना उपचार सुरू झाल्यावर थोड्याच महिन्यांत तो झाला होता. तेव्हापासून औषधाआधी तपासणी करण्याची पद्धत रूढ झाली. जगातील टीबीच्या नव्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. तेव्हा आपल्याकडे ती टाळणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल.

तपासणीत हातावर, कोपर आणि मनगट यांच्यामधल्या भागावर टोचून दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजतात, ती मॅन्टू चाचणी. पण लहानपणी बीसीजी घेतलेल्यांत ती कधी कधी उगाच सकारात्मक येते. म्हणून रक्ताची इग्रा चाचणीही सांगितली आहे. तिच्यात टीबीच्या, पण बीसीजीत नसलेल्या, प्रथिनांना आईच्या पेशी ओळखतात का हे पाहतात. आई स्टेरॉइड घेत असल्याने दोन्ही चाचण्या फसू शकतात, त्यामुळे एक्स-रे आणि घरचा इतिहास यांना तितकेच वजन असते.

बाबा, इतिहासाचा विषय निघाला म्हणून स्पष्टच लिहिते. थोरल्या काकांना टीबी झाला होता, आणि त्या काळात आई त्यांच्या पथ्याचे सगळे पाहत होती. ही गोष्ट आपल्या घरात ‘छातीचे दुखणे’ या नावाने झाकून ठेवली गेली. डॉक्टरांना ती झाकून सांगू नका. त्यांना काकांचा आजार, साधारण साल, आणि गोळ्या पूर्ण झाल्या होत्या की नाही, एवढे सांगितले तर निर्णय बदलू शकतो.

चाचणी सकारात्मक आली तर घाबरण्याचे कारण नाही; त्याचा अर्थ आईला टीबी झाला आहे असा होत नाही. सक्रिय आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक गोळ्या देतात. सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा तीन महिने आठवड्यातून एकदा दोन औषधे एकत्र. बहुधा त्या सुरू होऊन महिनाभर झाला की सांध्यांचे इंजेक्शन सुरू करता येते. या गोळ्या आणि सांध्यांच्या आजारावरचे मेथोट्रेक्सेट हे औषध दोन्ही यकृतावर भार टाकतात, म्हणून अधूनमधून रक्त तपासावे लागेल. एटानरसेप्ट नावाचे दुसरे औषध टीएनएफ थोड्या वेगळ्या रीतीने अडवते आणि त्यात टीबीचा धोका कमी आढळला आहे. ते आईला चालेल का, हे पुढच्या भेटीत विचारा. हिपॅटायटिस बीची तपासणी राहिली असेल तर तीही त्याच वेळी करून घ्या.

इंजेक्शन सुरू झाल्यावर आईला संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, मानेत गाठ किंवा पुन्हा वजन उतरणे यांतले काहीही जाणवले, तर खोकला नाही म्हणून थांबू नका; त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि पुढचा डोस त्यांच्या परवानगीशिवाय घेऊ नका. काकांचा जुना एक्स-रे माळ्यावरच्या ट्रंकेत असेल तर तो नेण्याची गरज नाही, पण आईचा मागचा एक्स-रे मात्र सोबत न्या.

तुमची,
मीनल