एसटीच्या थांब्यांना गिरणीचं छप्पर हवं

मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या एसटी थांब्यांवर बांधले जाणारे प्रवासी निवारे उन्हाळ्यात वापरण्याजोगे नाहीत, म्हणून हे पत्र.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका फाट्यावर मे महिन्यात भरदुपारी पाहिलेलं सांगतो. निवारा नवाकोरा होता. डोक्याला लागेल इतका बुटका पत्रा, तीन बाजू बंद, स्टीलचं बाकडं. आत एकही माणूस नाही. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेल्या बाया लेकरं घेऊन रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली उभ्या होत्या आणि गाडी दिसली की भर रस्त्यातून धावत सुटत होत्या. तापलेली हवा बाहेर जायला त्या निवाऱ्यात वाटच नव्हती.

कारखाने बांधणाऱ्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. गिरणगावातल्या विणकाम खात्यांची छपरं आठवा, करवतीच्या दात्यांसारखी. उत्तरेकडची उभी बाजू काचेची, दक्षिणेची उतरती बाजू बंद. मागावर दिवसभर सारखा उजेड, पण ऊन नाही. एमआयडीसीतल्या कित्येक शेडमध्ये आढ्याशी लांब फट ठेवून तिच्यावर दुसरं छोटं छप्पर घालतात. गरम हवा वर चढून तिथून निघून जाते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. विजेचा एक युनिटही लागत नाही. यंत्रांसाठी आणि मालासाठी जे सुचलं, ते ताटकळणाऱ्या माणसासाठी का सुचू नये?

जशीच्या तशी नक्कल मात्र नको. मेच्या अखेरीस नागपूरला शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, आणि जूनमध्ये तो आणखी उत्तरेला सरकतो. म्हणून उत्तरेची बाजू काच न लावता मोकळी ठेवावी आणि तिच्यावर छज्जा काढावा. रस्ता कुठल्याही दिशेला जाऊ दे, छपराचं तोंड उत्तरेलाच हवं. कोकणात आधी वाऱ्याचा विचार करावा लागेल. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात तिथले पत्रे कसे उडाले, ते आपण जाणताच.

कुठे निवारा आमदार निधीतून होतो, कुठे ग्रामपंचायत बांधते. म्हणूनच महामंडळाने नमुना आराखडा ठरवून द्यावा. त्यात छपराची उंची, आढ्याची फट, पत्र्याखालचा उष्णतारोधक थर आणि दिशा स्पष्ट लिहिलेली असावी. येत्या उन्हाळ्याआधी चंद्रपुरात असा एक निवारा उभा करा आणि मे महिन्यातल्या दुपारी त्याच्या आतलं व जुन्या निवाऱ्यातलं तापमान मोजून आकडे जाहीर करा.

आपला,
एक एसटी प्रवासी