विमानातही ‘खालचा बर्थ’ मागायला हवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोलापूरचा माणूस सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे तिकीट काढताना किती चोखंदळ असतो, हे आपण जाणताच. आजीला खालचा बर्थ हवा, साइड अप्पर कोणालाच नको, दाराजवळचा बर्थ तर नकोच नको. एका रात्रीच्या प्रवासासाठी इतका काथ्याकूट करणारे आपण लोक चौदा तासांच्या विमानप्रवासाच्या वेळी मात्र ‘काय मिळेल ते चालेल’ म्हणून मोकळे होतो. २०२५ मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून प्रवासी सेवा सुरू झाल्यापासून शहरात विमानाचा विषय घरोघरी निघतो आणि मुला-मुलींकडे परदेशी जाणारी कुटुंबेही बरीच आहेत, म्हणून हा अनुभव कळवीत आहे.

आम्ही दोघे पती-पत्नी, मुलगी, पाच वर्षांचा नातू आणि नऊ महिन्यांची नात असे पाच जण मुंबईहून आखातातील एका शहरात विमान बदलून न्यूयॉर्कला गेलो. तिकिटे एका एजंटाकडून काढली. त्याने मुलीचे व मुलांचे तिकीट एका पीएनआरवर आणि आमचे दुसऱ्या पीएनआरवर काढले. याचा अर्थ आम्हाला विमानात चढल्यावर कळला, कारण मुलगी मुलांसह आमच्यापासून दहा-बारा ओळी मागे होती. माझ्या पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि तिला मधल्या चार आसनांपैकी आतले आसन मिळाले होते. शेजारचे गृहस्थ गाढ झोपलेले. त्यांना उठवायचे कसे या संकोचाने ती चौदा तासांत दोनदाच उठली, पाणीही बेतानेच प्यायली. उतरताना तिचे पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागेना, आणि न्यूयॉर्कच्या विमानतळावर ती चप्पल हातात घेऊन चाकाच्या खुर्चीत बसली. लांबच्या प्रवासात पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून अधूनमधून चालावे, असे डॉक्टर सांगतात. पण चालायला आधी उठता आले पाहिजे.

परतीच्या वेळी आम्ही एकाच पीएनआरचा आग्रह धरला आणि आसनांचा नकाशा समोर ठेवून बसलो. मोठ्या विमानांत रांगेची मांडणी सारखी नसते. बोइंग ७७७ मध्ये बहुधा तीन-चार-तीन, बोइंग ७८७ मध्ये तीन-तीन-तीन, तर एअरबस ए-३३० मध्ये दोन-चार-दोन. नात आईच्या तिकिटावर असल्याने आम्हाला चार आसने हवी होती. मधली चारही घेतली की दोन्ही टोके वाटेकडेची होतात. एका टोकाला पत्नी, दुसऱ्या टोकाला मुलगी, मध्ये मी आणि नातू; कोणालाही परक्या माणसाला उठवावे लागले नाही. खिडकीचा हट्ट नातवाने दहा मिनिटे केला, नंतर समोरच्या पडद्यात रमला.

ही चार आसने आम्ही भिंतीलगतच्या पहिल्या रांगेत घेतली, कारण तान्ह्या बाळाचा पाळणा तिथेच अडकवता येतो. त्याला वजनाची मर्यादा असते आणि तो आधी कंपनीकडे नोंदवावा लागतो, विमानात चढल्यावर मागून उपयोग नाही. या रांगेचे कौतुक पुष्कळ होते, पण तिच्या अडचणी कोणी सांगत नाही. जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात असल्याने तो दांडा वर होत नाही, म्हणजे नातवाला आडवे करता येत नाही. पुढे आसन नसल्याने पिशवी पायाशी ठेवता येत नाही, उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी ती वरच्या कप्प्यातच जाते आणि बाळाचे दूध नेमके तिच्यातच असते. हवेत धक्के बसू लागले की झोपलेल्या बाळाला पाळण्यातून उचलावे लागते, ते वेगळेच. त्यामुळे पाळण्यात मावणारे बाळ नसेल, तर दांडे वर होणारी साधी रांग बरी, तीही शक्यतो पंखांच्या आसपास, कारण तिथे हेलकावे कमी जाणवतात. स्वच्छतागृहाजवळच्या रांगेत रात्रभर वर्दळ असते. आपत्कालीन दाराजवळ पाय पसरायला जागा असते खरी, पण तिथे मुलांना किंवा दार उघडण्याची ताकद नसलेल्यांना बसवत नाहीत.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरील आई, वडील किंवा पालक यांपैकी किमान एकाच्या शेजारी आसन द्यावे, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बजावले आहे. परदेशी कंपनीचे तिकीट असेल तर तिचे स्वतःचे नियम आधी विचारून घ्यावेत. पण आई शेजारी मिळाली म्हणजे आजीची सोय झाली, असे नव्हे; ती आपल्यालाच पाहावी लागते, प्रसंगी आसनाचे जादा पैसे भरून. आम्ही पैसे वाचवायचे म्हणून चौघांपैकी दोघांचीच आसने विकत घेण्याच्या विचारात होतो. तसे केले असते तर पत्नी पुन्हा आतल्या आसनावर गेली असती.

शहरातील तिकीट कार्यालयांना माझी विनंती आहे की, पैसे घेण्यापूर्वी त्यांनी आसनांचा नकाशा ग्राहकासमोर धरावा, प्रवाशांची वये आणि गुडघे-कंबर यांची विचारपूस करावी आणि संपूर्ण कुटुंबाचे तिकीट शक्यतो एकाच पीएनआरवर काढावे. ऐनवेळी विमानाचा प्रकार बदलला की निवडलेली आसनेही बदलू शकतात, म्हणून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी ती पुन्हा तपासण्याचे काम त्यांनी ग्राहकाला आठवणीने सांगावे, कारण आम्हाला ते कोणी सांगितले नव्हते.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर