ससाण्याच्या मूर्तीचा माग

महोदय,

जुन्या रहस्यपटांतील खासगी गुप्तहेर म्हणजे केवळ हॅट, ओव्हरकोट आणि सिगारेटचा धूर, असा समज सर्रास आढळतो. तो दूर होण्यासाठी जॉन ह्यूस्टन यांनी १९४१ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘द माल्टीज फाल्कन’ नव्या प्रेक्षकांनी अवश्य पाहावा. कथेनुसार १५३९ मध्ये स्पेनच्या राजासाठी पाठवलेली आणि वाटेत चाच्यांनी लुटलेली ससाण्याची रत्नजडित मूर्ती मिळवण्यासाठी काही लोभी माणसे सॅन फ्रान्सिस्कोत येतात आणि त्यांच्या खोटेपणातून हम्फ्री बोगार्ट यांनी साकारलेला सॅम स्पेड सत्यापर्यंत पोहोचतो. ह्यूस्टन यांचे हे पहिलेच दिग्दर्शन होते, हे पाहताना खरे वाटत नाही.

हाती आलेली मूर्ती बनावट निघते, तो प्रसंग गाजलेला आहेच. मला मात्र त्यानंतरचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो, कारण आपल्या भागीदाराचा खून करणाऱ्या स्त्रीवर जीव जडला असतानाही स्पेड तिला पोलिसांच्या हवाली करतो आणि त्या निर्णयाची वेदना बोगार्ट यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. आपल्या चित्रपटविषयक पुरवणीत अशा रहस्यपटांची सविस्तर ओळख करून द्यावी, ही विनंती.

– एक वाचक