तहानलेल्या रोपांचा आवाज

महोदय,

पाण्याचा ताण बसलेली रोपे आवाज करतात, हा तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष आपल्याकडे गंमत म्हणून वाचला गेला. परंतु ज्या खान्देशात केळीला पाणी केव्हा सोडायचे हे पुष्कळदा वीज केव्हा येते यावरच ठरते, तेथे त्याकडे अधिक गांभीर्याने पाहावयास हवे. रोपापासून 10 सेंटिमीटरवर ध्वनिग्राहक ठेवला असता तहानलेल्या टोमॅटो-तंबाखूच्या रोपांतून तासाला साधारण 30 ते 50 वेळा टिचकीसारखा आवाज आला, तर पुरेसे पाणी मिळालेल्या रोपांतून एखादाच. हे ध्वनी 40 ते 80 किलोहर्ट्झचे असल्याने माणसाला ऐकू येत नाहीत, आणि रोपातील पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत हवेचे बुडबुडे फुटल्याने ते निर्माण होत असावेत. (झाडे ‘रडतात’ हे मथळे मात्र उगाचच.)

हा शोध बांधावर उपयोगी पडण्याची शक्यता आहे. जळगावच्या केळी संशोधन केंद्राने हा प्रयोग केळीवर करून पाहावा आणि निष्कर्ष, अनुकूल असोत वा नसोत, शेतकऱ्यांपुढे मराठीत मांडावेत, ही विनंती.

— एक वाचक, रावेर (जि. जळगाव)